आरती येते, मग बोलत का नाही?

"मॅडम, नाटकं करते ही," सासूबाईंनी पेशंटच्या तोंडावरच सांगितलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

पेशंट म्हणजे त्यांची सून, डोंबिवलीची. स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसलेली असताना खड्ड्यात गाडी आदळली आणि ती डोक्यावर पडली. हातपाय वाचले, समज बरीचशी शाबूत राहिली. गेले ते शब्द. वागळे इस्टेटमधल्या आमच्या सेंटरमध्ये मी स्पीच थेरपिस्ट. ग्लास दाखवला की तिला सगळं कळायचं, पण 'पाणी' काही ओठांवर यायचं नाही. घामाघूम व्हायची बिचारी.

व्हिडिओत मात्र तीच बाई गणपतीपुढे टाळ्या वाजवत अख्खी आरती म्हणत होती.

यात नवल काही नाही. लहानपणापासून घोकलेलं चालीवर आपोआप बाहेर पडतं. हवा तो शब्द शोधून आणायचं काम वेगळं, आणि मार बसलाय तो त्यावर. हे मी या घराला किती वेळा सांगितलं असेल! 'हो हो मॅडम' म्हणून माना डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

"मग पोरीचं नाव पण रोजचंच ना?" नवरा म्हणाला. "ते पण घेत नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, नावाने हाक मारेपर्यंत पोरगी तिच्याकडे द्यायचीच नाही. रात्री पण माझ्या आईजवळच झोपते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांची पोर!

"पाय मोडलेल्या माणसाला, आधी धावून दाखव मग जेवायला वाढतो, असं म्हणाल का तुम्ही?" माझा आवाज चढलाच होता.

"चिडू नका हो मॅडम. तिच्या भल्यासाठीच करतोय," सासूबाई म्हणाल्या.

भल्यासाठी! या शब्दाचा मला आताशा तिटकारा आलाय. घरच्यांनी केलेला प्रत्येक जाच भल्यासाठीच असतो. आणि हे सगळं चाललं होतं तिच्यादेखत. वाचा गेली म्हणजे कानही गेले, असं समजतात की काय ही माणसं? तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तेसुद्धा त्यांना नाटकच वाटत होतं.

मी निक्षून सांगितलं, पुढच्या वेळी मुलीला घेऊन या. कोणी काही विचारायचं नाही, वदवून घ्यायचं नाही. नुसतं आईजवळ बसू द्यायचं.

आणली त्यांनी. दोन वेण्या, नवा फ्रॉक. तिला बघताच आईने दोन्ही हात पुढे केले. तोंडातून नुसतंच 'आ... आ...' येत होतं. बाप आणि आजी माझ्या धाकाने भिंतीला टेकून गप्प उभे होते.

पोर दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. हात पाठीमागे बांधले आणि घरी रोज ऐकलेलं तेच म्हणाली,

"आधी माझं नाव घे."