कांबळेभाऊंनी लिहिलेला शब्द

कांबळेभाऊ रजिस्टर लिहायला बसले की आधी चष्मा शर्टाला पुसायचे आणि मग पेन हातात धरून नुसतेच बसायचे. लिहायची असायची एकच ओळ, तरी पाच-पाच मिनिटं! बाहेर कंपनीची बस हॉर्न मारतेय आणि मी, शिफ्टचा सुपरवायझर, त्यांच्या डोक्यावर उभा. तेव्हा वैताग यायचा.

नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात ते क्रेन चालवत. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे टनभर वजनाचे साचे उचलायचे, बसवायचे. ऑडिटवाले येतात म्हणून यंत्रांची स्थिती रजिस्टरात इंग्रजीत लिहायचा नियम. आम्ही बाकीचे 'रिस्की' खरडून मोकळे व्हायचो. सांडलेलं तेल रिस्की, सैल नट रिस्की, मोडकी शिडीही रिस्कीच. भाऊंना ते खपायचं नाही.

"साहेब, 'रिस्की' म्हंजी सावध ऱ्हायलं तर निभावतं. 'अनसेफ' म्हंजी सावध असून बी सांगता येत न्हाई. आन् 'डेंजरस' म्हंजी तितं माणूसच नको. तिन्ही सारखे कसे?"

एकदा कुणीतरी ओल्या फरशीपुढे गमतीनं 'डेंजरस' लिहिलं. भाऊंनी ते खोडून 'स्लिपरी' केलं आणि त्या ऑपरेटरला सगळ्यांदेखत झापलं. "हा शब्द हितं उडवलास, मंग खऱ्या येळंला काय लिवशील?" आम्ही खो-खो हसलो. मी तर त्यांना तोंडावर 'मास्तर' म्हणायचो.

त्यावर एकदाच ते म्हणाले, "आमचा आजा कागदावर काय लिवलंय ते न कळता अंगठा देत ऱ्हायला. मला लिवता येतं. मंग खोटं कशापायी लिवू?"

'डेंजरस' लिहिलं की यंत्र बंद. पुण्याहून मोठे साहेब येऊन सही करेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत भाऊंनी तो शब्द कधी लिहिला नव्हता. गेल्या श्रावणात एका दुपारी लिहिला. क्रेनच्या वायररोपच्या, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी दोराच्या, तारा तुटायला लागल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या. पण माल न्यायला गाडी दारात उभी होती आणि एकच साचा बदलायचा राहिला होता.

"भाऊ, 'रिस्की' करा. एवढा साचा होऊ दे, मग रोप बदलू."

"न्हाई साहेब."

"अहो, सावध राहू की!"

"सावध ऱ्हाऊन भागलं असतं तर म्याच तसं लिवलं असतं."

माझं डोकं फिरलं. रजिस्टर ओढलं, त्यांचा शब्द खोडला, माझा लिहिला आणि खाली सही ठोकली. भाऊंनी लटकता साचा हातानं वळवणाऱ्या दोघांना चहाला पिटाळलं आणि क्रेनचा लोंबता रिमोट माझ्या हातात दिला.

"म्या न्हाई म्हणलं तर तुमी दुसऱ्या कुणाला साच्यापाशी उभं करणार. त्यापरीस साचा मी धरतो. तुमी चालवा."

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. बटण मीच दाबलं. साचा छातीइतका वर गेला आणि रोप तुटला.

भाऊ जागीच गेले.

पाचव्या दिवशी कान्हे गावी त्यांच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच बसल्या होत्या. मला रडू आवरेना. म्हणालो, "वहिनी, भाऊंनी बरोबर लिहिलं होतं. मी ते खोडलं."

"आनिक कुणाला सांगितलंय ह्ये?"

"नाही."

"कंपनीची मान्सं येऊन गेली. म्हनली, ह्यांचीच चूक व्हती." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "मंग मला काय सांगता? तितं जाऊन सांगा."

गेलो आणि कंपनीत सांगितलं, पोलिसांतही सांगितलं. माझ्यावर खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला वहिनी वडगावच्या कोर्टात येतात, माझ्या समोरच्या बाकावर बसतात. त्या दिवसानंतर माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत.