अर्ध्या बोटाची उंची

आमच्या पेठेच्या टोकाला नगरपालिकेची एक बाग होती. बाग म्हणायची एवढंच. फुलं म्हणाल तर कण्हेर आणि सदाफुली, हिरवळ म्हणाल तर शेळ्यांनी मागं ठेवली असेल तेवढी. पण मागच्या अंगाला, भिंतीलगत, लोखंडी पाइपांचा एक सिंगल बार, एक डबल बार आणि साखळ्यांना टांगलेल्या दोन कड्या होत्या. कुणीही यावं आणि फुकट लोंबकळावं म्हणून नगरपालिकेनं त्या बसवल्या होत्या. तालमीतनं परत येणारी पोरं तिथं दोन उड्या मारून घरी जायची. त्या लोखंडाचा धसका घ्यावा असं त्यात काहीच नव्हतं. मी मात्र घेतला. अजूनही कुठल्या बागेत तसला आडवा पाइप दिसला की मी वाट बदलते.

पासष्टची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. माझे वडील, म्हणजे आबा, त्याच्या आधीच फौजेतून हवालदार होऊन परत आले होते. परत आले म्हणजे पाठवले गेले. कुठल्याशा घाटात ट्रक उलटून त्यांचा पाय गुडघ्यात अधू झाला होता. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. लोक त्या पायाला गोळी लागली असं समजून चालत, आणि आबा त्यांना तसं समजू देत. आपली राहिलेली नोकरी आता मुलानं पुरी करायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. गल्लीत, देवळात, दूध कट्ट्यावर सगळीकडे सांगून झालं होतं, ‘आमचं पोरगं भरतीला चाललंय.’ पोराला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

दादा माझ्याहून दीड वर्षानं मोठा. अंगानं दणकट, पळायला चपळ, पण भरतीला लागणाऱ्या उंचीत अर्धं बोट कमी. पहिल्या खेपेला त्याला तेवढ्यासाठी परत पाठवलं, तेव्हा आबा दिवसभर जेवले नाहीत. आणि मी, जिला उंचीचा काडीचा उपयोग नव्हता, ती दादाहून चांगली बोटभर उंच. दादाच्या ताटातलं मीच ओढून खाल्लं असावं, अशा नजरेनं आबा माझ्याकडे बघायचे. ‘देवानं मापात घोळ घातला,’ म्हणायचे. आई म्हणायची, ‘हिच्या मापाचा नवरा कुठनं आणायचा ते बघा आधी.’

लोंबकळलं की उंची वाढते हे आबांच्या डोक्यात कुणी भरवलं ते कळलं नाही, पण भरलं ते बाहेर निघालं नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे ते दादाला घेऊन बागेत गेले. मलाही नेलं, कारण खाली बसून पाय ओढायला कुणीतरी हवं होतं आणि आबांचा गुडघा वाकत नव्हता. दादानं बार धरायचा, मी त्याचे घोटे धरून खाली ओढायचं, आणि आबांनी काठीवर भार देऊन समोर उभं राहायचं. ‘अजून... अजून... सोडू नको,’ एवढंच त्यांचं बोलणं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

थंडीचे दिवस होते. पाइपावर दव साचलेलं असायचं. दादा पंच्यानं पुसायचा, तरी हात लावला की लोखंड चावायचं. त्याच्या तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. रविवारी आबा त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा करत आणि डोक्यावर पाटी आडवी ठेवून नखानं खूण करत. खूण कधी केसभर वर जायची, कधी तिथंच असायची. वर गेली की घरात सणासारखं वातावरण, नाहीतर आठवडाभर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. काठीचा आवाज दारात आला की पहाटे दादाच्या पापण्या हलायच्या. तो झोपलेला नसायचा, नुसता पडलेला असायचा.

बागेचा माळी एक म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. खुरपं हातात घेऊन तो एकदा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. दादाचा चेहरा लाल झाला होता.

‘हवालदार,’ चाचा म्हणाला, ‘पोरगं हाय ते. वाळत घातलेलं धोतर न्हाय.’

‘तुमी झाडं बघा चाचा,’ आबा म्हणाले. ‘मी माझं बघतो.’

चाचा गेला. पुढं तो आम्हाला बघितलं की बागेच्या दुसऱ्या टोकाला पाणी घालायला जायचा.

एकदा आबा नळावर तोंड धुवायला गेले तेव्हा मी परकर खोचला आणि बार धरला. खरं सांगते, इतकं बरं वाटलं! पाठीतलं काहीतरी मोकळं झालं, पाय जमिनीवरनं सुटले, आणि मला हसू आलं. दादाही हसला. कित्येक दिवसांनी त्याला हसताना बघितलं. तेवढ्यात मागनं आवाज आला, ‘उतर खाली! तू आनि वाढनार व्हय?’ मी उतरले. दादाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

मग विटा आल्या. माझ्या ओढण्यात जोर नाही असं आबांचं म्हणणं. जुन्या पटक्याची फडकी करून ते मला दादाच्या दोन्ही घोट्यांना एकेक वीट बांधायला लावत. काही दिवसांनी दोन-दोन. विटा बांधून लोंबकळणारा माणूस कसा दिसतो ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगता येणार नाही. मान खाली पडते, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर येतात, आणि तोंडातनं जो आवाज येतो तो त्या माणसाचा वाटत नाही. मी दुसरीकडं बघायची. घरी येऊन आईला म्हटलं, ‘हे काहीतरी वंगाळ व्हनार हाय.’ आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. असं बोलू नये म्हणून, की तिलाही तेच वाटत होतं म्हणून, कोण जाणे.

भरतीला आठ-दहा दिवस राहिले असतील. त्या दिवशी धुकं दाट होतं. दादाचा डावा हात ओल्या पाइपावरनं सटकला. त्याचं आणि विटांचं सगळं वजन उजव्या हातावर आलं आणि खांद्यात आवाज झाला, ओली फांदी मोडल्यासारखा. ‘धर! सोडू नको!’ आबा म्हणाले. आणि दादानं सोडला नाही. का सोडला नाहीस रे? मी हे त्याला नंतर कितीदा विचारलं असेल. तो मनातल्या मनात आकडे म्हणत असावा, कारण ओठ हलत होते. मग तो पडला.

‘लचक भरली,’ आबा म्हणाले.

त्या दिवसापासनं दादाचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जेवायला जायचा, शर्टाच्या गुंड्या लावायला जायचा, पण केस विंचरायचे तर डाव्या हातानं. आई रोज आंबेहळद तापवून लावायची. दोन दिवसांनी तिनंच आबांपाशी विषय काढला, ‘हात लई दुखतोय त्याचा. दवाखान्यात दाखवूया की.’

‘फौजेत दुखनं सांगत न्हाईत,’ आबा म्हणाले. ‘एकदा भरती झाली की दवाखाना सरकारचाच हाय.’

आणि तसंही आता बारची गरज नव्हती. उभं राहिलं, चाललं की वाढलेली उंची दबते, हे त्यांना आणि कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून भरतीपर्यंत दादानं उठायचं नाही. पुढच्या सोप्यात घोंगडं टाकून त्याला उताणा निजवला. उशी नाही. जेवण आईनं भरवायचं. शेजारच्या बायका पीठमीठ मागायला यायच्या, त्याला तसा पडलेला बघायच्या आणि आवाज बारीक करून बोलायला लागायच्या. मला ते सहन व्हायचं नाही. मी म्हणायची, ‘त्याला काय झालं न्हाय, मोठ्यानं बोला की.’ तरी त्या कुजबुजतच बोलायच्या.

भरतीच्या दिवशी पहाटे आबांनी हातगाडी आणली. दादा चालत गेला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, म्हणून मैदानापर्यंत त्याला आडवाच न्यायचा होता. फळीवर घोंगडं, घोंगड्यावर दादा, आणि थंडी म्हणून अंगावर पांढरी चादर. गल्लीतल्या चार पोरांनी गाडी ढकलायला घेतली आणि आबा काठी टेकत पुढं निघाले. चौकात एक म्हातारबुवा सायकल घेऊन येत होते. त्यांनी गाडी बघितली, ते सायकलवरनं उतरले, टोपी काढली आणि हात जोडले.

आई माझ्या शेजारी दारात उभी होती. तिनं ते बघितलं. आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. चूल पेटवायची तिला आठवण झाली नाही. मी पेटवली.

पाय सुजला म्हणून आबा दुपारी एकटेच परत आले आणि कट्ट्यावर बसले. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, ‘आत घेतलाय. वेळ लागतो.’ ऊन उतरायला लागलं तेव्हा दादा आला, आपल्या पायांनी चालत. चालत आला म्हणजे काय झालं ते मला तेव्हाच कळलं. आबा उठून उभे राहिले.

‘काय झालं?’

‘उंची कमी पडली,’ दादा म्हणाला.

‘किती?’

‘अर्धं बोट.’

आबांनी बराच वेळ मान हलवली. मला वाटलं, संपलं आता. पण ते म्हणाले, ‘चूक आमचीच झाली. ऐन टायमाला बार सोडला. असूदे. पुढच्या भरतीला अजून दिवस हाईत. उद्यापासनं परत.’

मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं. आई पाण्याला गेली होती. ‘खरं सांग,’ म्हटलं.

तो पाटावर बसला. ‘उंची भरली गं,’ म्हणाला. ‘भरून वर उरली. माप घेनाऱ्यानं पाठीवर थाप मारली माझ्या. मग डाक्टर म्हनला, दोनी हात वर. डावा गेला. उजवा न्हाई गेला. म्हनला, काय केलंस रे? मी म्हनलं, पडलो.’

‘मग आबांना हे का सांगितलंस न्हाईस?’

‘काय सांगू? हात गेला म्हनून सांगू? कशानं गेला, ते त्यांना कळंल की.’

‘मी सांगते.’

‘सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.’

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि रडूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी.

सकाळी काठी वाजली. आम्ही गेलो. आबांनी फडकी आणली होती, विटा तिथंच भिंतीपाशी होत्या. दादा बारखाली उभा राहिला. त्यानं डावा हात वर नेऊन पाइप धरला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

‘वर घे की,’ आबा म्हणाले.

दादानं ओठ चावले. हात तसाच खाली आला.

‘आठ दिवस लोळून आखडलाय,’ असं म्हणत आबा पुढं झाले. त्यांनी काठी बारच्या खांबाला टेकवली, दादाचं मनगट धरलं आणि वर उचललं. मी ‘आबा, नको!’ म्हणेपर्यंत उशीर झाला होता. दादा जो ओरडला, त्यानं भिंतीवरचे सगळे कावळे उडाले. चाचा खुरपं टाकून पळत आला आणि दहा पावलांवर थबकला.

आबांनी मनगट सोडलं नाही, पण तो हात हळूहळू खाली आणला, फार हळू. मग दुसऱ्या हातानं खांदा चाचपला. आधी पुढनं, मग मागनं. त्यांनी फौजेत असले खांदे बघितले असणार. चाचपता चाचपता त्यांची बोटं एका जागी थांबली. त्यांना कळलं. कळताना मी त्यांचा चेहरा बघितला, आणि देवा, तो बघितला नसता तर बरं झालं असतं.

मग आबांनी विचारलं, ‘उंचीच कमी पडली न्हवं?’

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात हुकूम नव्हता, विनवणी होती.

दादानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ‘व्हय आबा,’ म्हणाला. ‘उंचीच.’

‘मग चला घरी.’

पुढं दादानं पेठेत किराणा मालाचं दुकान टाकलं. वरच्या फळीवरचा डबा लागला तर तो गिऱ्हाइकालाच काढायला सांगायचा. मी माहेरी आले की मीच काढून द्यायची. आबा म्हातारपणी दुकानाच्या पायरीवर बसून असायचे. कुणी नवखा माणूस विचारायचा, ‘मालक, हाताला काय झालं?’ दादानं तोंड उघडायच्या आत आबा म्हणायचे, ‘पुढं कधीतरी पडला. त्याच्या आधीच फौजेत गेला असता, पावनं. अर्ध्या बोटानं भरती हुकली त्याची.’ आणि दादा तराजूकडं बघत मान डोलवायचा. त्या दोघांनी ते इतकी वर्षं, इतक्या गोडीनं निभावलं, की ऐकणाऱ्याला हळहळ वाटायची. मला दोघांचा संताप यायचा. एकानं विचारलं नाही, एकानं सांगितलं नाही, आणि मी गळ्यात शपथ अडकवून मधे उभी. आबा गेले त्या दिवशी भेटायला आलेल्यांतल्या कुणीतरी पुन्हा तेच काढलं, पोराची भरती अर्ध्या बोटानं हुकली त्याचं दुःख मनात घेऊन गेले बिचारे. दादानं मान डोलवली. आणि मी भर माणसांत ओरडले, ‘भरली होती! त्याची उंची भरली होती!’