एकाच ड्रममधल्या तीन बाटल्या

तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये केमिकल तपासायचा पगार मिळतो. व्हॉट्सॲपवरच्या बातम्या आम्ही फुकट तपासतो. असे किस्से इतके साठलेत की डबा खाताना सांगायला बसलो तर डबा तसाच राहतो. मी तर एवढा संशयी झालोय की बायकोने लाईट गेली म्हटलं तरी बटण दाबून बघतो.

याला जबाबदार आमच्या इन्चार्ज सावे मॅडम. सॅम्पल टेबलावर आलं की त्यांचे प्रश्न ठरलेले: कुणी काढलं? कुठून काढलं? उत्तर नसेल तर बाटली परत.

*

एकदा फोटो आला: बोईसरमध्ये गॅसगळती, लोक पळतायत! आम्हाला सॅम्पल आणून देणारा यादव लगेच घरी फोन करून सामान बांधायला सांगू लागला. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. पळणारे सगळे स्वेटरमध्ये.

"बोईसरमध्ये स्वेटर कुणाकडे आहे?"

यादव म्हणाला, "मेरे पास है, मॅडम. गांव जाने के लिए."

*

माझे सासरे सांगलीहून यायचे होते. मी एआयला विचारलं, शिरगावचा किल्ला रविवारी उघडा असतो का? त्याने वेळ, तिकीटखिडकी, आतलं उपाहारगृह, सगळं सांगितलं. मॅडमचं घर त्या ओसाड किल्ल्याच्या जवळच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथले वडे चांगले असले तर मलाही आणा," म्हणाल्या.

*

आमच्या लॅबमधला तांडेल इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. त्याची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. बहिणीचं कॉलेज त्या टोपलीवर चाललंय. एकदा तो म्हणाला, उद्या कंपनी बंद, तीन ग्रुपवर आलंय म्हणजे खरं.

"एकाच ड्रममधून तीन बाटल्या भरल्या," मॅडमनी विचारलं, "तर सॅम्पल किती?"

तिन्ही ग्रुपमध्ये आम्हीच होतो. तेव्हापासून तांडेल काहीही आलं की आधी लॅबच्या ग्रुपवर टाकून विचारतो, मगच विश्वास ठेवतो.

*

गेल्या महिन्यात सरावलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच. खाली लिहिलेलं: "नवापूर. तिथल्याच मुलाने पाठवलाय. मासळी घेऊ नका."

तांडेलची आई भरली टोपली घेऊन घरी परतली. किनारा साफ होता, तांडेल स्वतः बघून आला होता.

"आई रडली काल," तो म्हणाला. "आमी तिला कधी रडताना बगितली नाय."

मला फार वाईट वाटलं. मॅडम म्हणाल्या, ड्रम शोधा.

मी सोसायटीत विचारत सुटलो. ग्रुपवर टाकला होता तिथेच राहणाऱ्या यादवच्या शेजाऱ्याने. त्याला दिला यादवने, नवापूरच्या मुलाकडून आलाय असं सांगून. यादवने मोबाइल पुढे केला. व्हिडिओ आमच्याच लॅबच्या ग्रुपवरचा, पाठवणारा तांडेल! त्याला तो कुठूनतरी आला होता. खाली त्याने आम्हाला विचारलं होतं, "हे आपल्याकडचं हाय का?" रविवार होता, यादव सोडला तर आमच्यापैकी कुणी तो उघडलाही नव्हता, उत्तर तर कुणीच दिलं नव्हतं. व्हिडिओ पुढे गेला, प्रश्न इथेच राहिला. तांडेलला वाटत होतं, आपल्याला आला तसाच सगळ्यांना आला असेल.

दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून बाजारात आईच्या शेजारी उभा राहिला. नेहमीच्या गिऱ्हाईक बाई आल्या.

"मावशी, तो व्हिडिओ खोटा हाय. आमच्याकडं तसं काय नाय."

बाईंनी हातातलं पापलेट परत टोपलीत ठेवलं.

"खोटा कसा असेल? तुमच्या नवापूरच्याच पोराने पाठवलाय ना तो."