काश्पारचा श्वास

लिपोवेत्स गावात कांटोर म्हणजे शाळामास्तर, ऑर्गनवाला, घंटा वाजवणारा आणि लग्न-मयताला गाणारा, सगळं एकाच अंगरख्यात. टोबियाश ह्लादीकनं हे काम एकेचाळीस वर्षं केलं. शिवाय दर नाताळला नवी मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासनेत गायची-वाजवायची रचना, करायची. तशी कुणाची सक्ती नव्हती, पण जुनीच वाजवली तर बायका चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुजायच्या, की मास्तर यंदा आळसावलेले दिसतात.

मास्तर वाद्यं बघून रचना करत नसत, माणसं बघून करत. चक्कीवाल्याची दोन बोटं आखडलेली, म्हणून त्याच्या व्हायोलिनला सोपे सूर. पितळी शिंग वाजवायचा काश्पार लोहार. सूर असा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, पण भट्टीच्या धुरानं छाती पार गेलेली. एका वर्षी मास्तरांनी मिस्सेत अशी जागा आणली, की देवदूत मेंढपाळांना हाक मारतो आणि शिंग एकटंच वर चढतं. तालमीत काश्पार तिथे पोचेपर्यंत निळा पडायचा.

"मास्तर, मला नाही झेपणार. दुसरा कुणी बघा," तो म्हणाला.

"दुसरा कुठून आणू? बस गप."

मास्तरांनी त्या जागेच्या आधी दोन आवर्तनं कोरी सोडली. सगळ्यांनी थांबायचं. गाणारे, वाजवणारे, ऑर्गनसुद्धा. तेवढ्यात काश्पार शिंग मांडीवर ठेवायचा, मिशा पुसायचा, छातीभर श्वास घ्यायचा, आणि मग तो सूर निघायचा. ती जागा गावाला इतकी आवडली, की पुढच्या दर नव्या मिस्सेत ती तशीच यायची, अकरा नाताळ असं चाललं. मग काश्पार गेला. नंतर त्या जागी पोरं वाजवू लागली, दमसासाची धडधाकट पोरं, पण थांबायचे सगळे.

पुढे तालुक्याच्या मोठ्या चर्चनं चांगली मिस्सा मागवली. पाद्रीबाबा म्हणाले, "टोबियाश, खेड्यातल्या मास्तराचं ते काही वाजवायचे नाहीत. वर एखादं इटालियन नाव घाल." त्या मुलखात ही रीतच होती. मास्तरांनी काश्पारच्या जागेची ती पहिली मिस्सा उतरवून पाठवली आणि वर नाव ठोकून दिलं, बेनेदेत्ती. असा कुणी माणूस जन्माला आला होता की नाही, देव जाणे. मिस्सा मात्र इतकी आवडली, की बेनेदेत्तीचं नाव गावोगाव झालं.

मास्तरांची बायको क्रिस्तिना हे विसरली नव्हती. मूलबाळ नव्हतं. मागे राहील असं त्यांचं काही असेल तर ते वहीतल्या त्या कागदांवर होतं, आणि त्यावर नाव परक्याचं.

मास्तर बहात्तर वर्षांचे असताना तालुक्याच्या चर्चचा मोठा सण आला. चोवीस वादकांनिशी बेनेदेत्तीची मिस्सा होणार, असा सांगावा आला.

"या खेपेला सांगायचंच," क्रिस्तिना वाटेभर बजावत होती. "शपथ आहे माझी."

"सांगतो गं."

"अहो, सांगतो सांगतो करत एक पाय कबरीत गेला तुमचा!"

तीन तास चालून दोघं पोचली, तेव्हा तालीम आटपत आली होती. तिथला नवा संगीतप्रमुख व्होर्लिचेक मोठा उमदा माणूस. त्यानं मास्तरांना कागद दाखवले.

"ही तुमच्याच हातची नक्कल ना? एक घोळ झालाय. इथे दोन आवर्तनं उतरवायची राहिली. मी शिंगाचे सूर घालून भरून काढलंय."

मास्तर कागदाकडे बघत राहिले. ताजी शाई होती.

"राहिलं नाही ते," ते म्हणाले. "कोरंच आहे."

"उगाच कोरं कोण ठेवील? हे बघा मास्तर, तुम्ही मूळ प्रत पाहिलीत. बेनेदेत्तीनं स्वतः तसं ठेवलं असेल, तर मी बोट लावणार नाही. पण खेड्यातल्या कुणाच्या हातून झालं असेल, तर दुरुस्त करायलाच हवं. बोला."

क्रिस्तिनानं कोपर मारलं. मास्तरांच्या ओठावर स्वतःचं नाव आलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. आयुष्यभर ती ज्याची वाट पाहत होती, तो क्षण हाच.

"मूळ प्रतीत तसंच आहे," मास्तर म्हणाले. "बेनेदेत्तींनीच ठेवलंय."

व्होर्लिचेकनं मान डोलावली आणि चाकूनं शाई खरवडून काढली.

क्रिस्तिना बाकावर बसली ती मध्ये हातभर जागा सोडून. मिस्सा सुरू झाली. चोवीस वाद्यं, तीसेक गळे, असा आवाज लिपोवेत्सच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांच्या सज्ज्यात कधी मावला नसता. मग ती जागा आली आणि सगळं थांबलं. एवढं मोठं चर्च, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि शिंग वर चढलं.

बाहेर पडताना व्होर्लिचेक धावत आला. "काय ती शांतता! असं फक्त इटालियन माणसालाच सुचतं, नाही मास्तर?"

"असेल," मास्तर म्हणाले.

गावाच्या वाटेला लागल्यावर क्रिस्तिना बराच वेळ पुढे पुढे चालली. राग होताच, आणि तो रास्त होता. ओढ्यापाशी ती थांबली. मास्तर धापा टाकत जवळ येईपर्यंत उभी राहिली.

"काश्पारनं मिशा पुसल्या?" तिनं विचारलं.

"पुसल्या," मास्तर म्हणाले.