बाटलीवरचं नाव

"पुढचं दार पेशंटसाठी आहे. माल पोचवणाऱ्यांनी बाजूच्या दाराने यायचं."

डॉक्टर विल्मट हे वेटिंग रूमच्या मधोमध उभा राहून बोलला. भिंतीलगतचे बाक खच्चून भरलेले. खोकणाऱ्या बाया, गिरणीतून रजा काढून आलेले पुरुष, मांडीवरची पोरं. सगळ्यांनी माना वर केल्या. मी त्यांचा केमिस्ट. मँचेस्टरच्या त्याच रस्त्यावर, त्याच्या सर्जरीपासून, म्हणजे दवाखान्यापासून, चार दुकानं सोडून माझं दुकान. विल्मट चिठ्ठी लिहायचा, औषध मी द्यायचो. माझ्या अंगावर पांढरा कोट होता. हातात कोळशाची पाटी नव्हती.

मी म्हणालो, "डॉक्टर, मिसेस हॅलमच्या गोळ्यांबद्दल बोलायचंय. तातडीचं आहे. आत बोलू या."

"आत?" तो लोकांकडे बघून हसला. "माझ्या खोलीत दुकानदार येत नाहीत."

बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं.

"एकच औषध तिला दोनदा जातंय," मी म्हणालो. "एक इस्पितळाचं, एक तुमचं."

"आपल्या दोघांत डॉक्टर कोण आहे?"

मी पुन्हा आतल्या दाराकडे हात केला.

"मी विचारलंय. कोण?"

"तुम्ही."

"मग जा आणि गोळ्या मोज. तेवढंच तुला शिकवलंय ना?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण तो जे म्हणाला ते 'तू'च होतं. जन्मभर ऐकलेला 'तू' कळायला भाषा लागत नाही.

त्याच्यामागे दुसऱ्या खोलीच्या दारात त्याचा असिस्टंट उभा होता. आपला मराठी माणूस, पुण्याचा डॉक्टर. त्याने सगळं ऐकलं. मग हळूच दार लावून घेतलं.

मी बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते. माझा बाप जिल्ह्याच्या दवाखान्यात ड्रेसर होता. आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या त्याने. तिथला डॉक्टर त्याला पाणी द्यायचा ते वरून, ओंजळीत. म्हणून मी शिकलो. मुंबईत शिकलो, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिली, दुसऱ्यांच्या दुकानांत राबलो आणि मग घासाघीस करून स्वतःचं दुकान घेतलं. आणि आता इथेही बाजूचं दार!

मिसेस हॅलमचं काय झालं होतं ते सांगतो. म्हातारी, एकटी, जिभेने तिखट. हृदय अशक्त झालं म्हणून इस्पितळात होती. सुटताना त्यांनी गोळ्यांची बाटली दिली. घरी आल्यावर विल्मटने तिला चिठ्ठी लिहून दिली. इस्पितळाने काय दिलंय हे विचारलं नाही. त्या चिठ्ठीवर मी गोळ्या दिल्या. आठवड्याभराने ती दुकानात आली ती काउंटर धरून.

"लव्ह, मला काहीतरी पोटाचं दे. अन्न समोर नको वाटतं. आणि दूध बघ, दूधसुद्धा पिवळं दिसतंय मला."

इथल्या म्हाताऱ्या कोणालाही 'लव्ह' म्हणतात. मी विचारलं, आणखी काय घेता? तिने पिशवीतून इस्पितळाची बाटली काढली. तिच्यावर लिहिलं होतं: 'गोळ्या'. बस. माझ्या बाटलीवरही तेच: 'गोळ्या'. ही इथली तेव्हाची रीत. डॉक्टरने चिठ्ठीवर तशी खूण केली तरच केमिस्टने बाटलीवर औषधाचं नाव लिहायचं. नाहीतर नुसतं 'गोळ्या', नुसतं 'मिक्स्चर'. पेशंटला आपण काय गिळतोय हे कळू नये. ते फक्त डॉक्टरला कळावं. केमिस्टला कळतं, पण त्याने बोलायचं नाही. विल्मट अशी खूण कधीच करायचा नाही.

मी झाकण उघडलं. गोळी ओळखली. तेच औषध. हृदयाचे ठोके सावरणारं, आणि जास्त झालं तर तेच ठोके बिघडवणारं. आधी मळमळ, मग सगळं पिवळं, मग काहीही.

रीतीप्रमाणे मी सर्जरीला फोन केला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, डॉक्टर केमिस्टशी फोनवर बोलत नाहीत. म्हणून चालत गेलो. पुढच्या दाराने गेलो. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

तिथून मी दुकानात परतलो नाही. तडक मिसेस हॅलमच्या घरी गेलो. तिला औषधाचं नाव सांगितलं. दोन्ही बाटल्यांत एकच आहे म्हणून सांगितलं. दोन्ही बंद ठेवा म्हणालो आणि कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या डब्यातून अँब्युलन्सला फोन केला. केमिस्टने हे करायचं नसतं. मी केलं.

म्हातारी वाचली.

वाटलं, आता विल्मट निदान मान तरी हलवील. त्याने काय केलं? तो इस्पितळात गेला, बाटल्या ताब्यात घेतल्या आणि तिला सांगितलं, "केमिस्टने चुकीच्या गोळ्या दिल्या होत्या. नशीब तुमचं."

हे मला काउंटरवर कळलं. एक बाई चिठ्ठी पुढे सरकवत म्हणाली, "नीट बघून दे हं. हॅलमबाईचं केलंस तसं माझं करू नकोस."

बाटल्यांवर नाव नव्हतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी कोणाकोणाला धरून सांगणार? हळूहळू माझ्या दुकानावरून माणसं पुढे जाऊ लागली, चौकातल्या दुसऱ्या केमिस्टकडे. सर्जरीतली रिसेप्शनिस्टच म्हणे त्यांना तिकडचा रस्ता दाखवायची.

पुण्याचे डॉक्टर एकदा संध्याकाळी आले. खरं काय ते त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "तुम्ही तिला जाऊन सांगा."

"अहो, कशाला नादी लागता?" ते म्हणाले. "मला इथे पार्टनरशिप मिळायचीय. आणि शेवटी आपण पाहुणे आहोत या देशात."

"पाहुणे तुम्ही असाल," मी म्हणालो. "मी दुकान मांडून बसलोय."

बायको म्हणाली, "अहो, विकून टाका. लंडनला, हॅरोत, माझा भाऊ आहे. तिकडे आपली माणसं आहेत. इथे कोणासाठी डोकं फोडायचं?"

मी विकलं नाही. मी त्याच दिवसापासून प्रत्येक बाटलीवर नाव लिहायला लागलो. खूण असो नसो. ठळक अक्षरांत, औषधाचं नाव आणि ते कशासाठी तेही. विल्मटचा निरोप आला: ताबडतोब बंद कर, नाहीतर वर तक्रार करीन. मी उलट निरोप धाडला: करा. चौकशीत मिसेस हॅलमला पहिली बोलवा.

तक्रार झाली नाही. चौकशी झाली असती तर इस्पितळाचे कागदही निघाले असते, हे त्याला माहीत होतं.

पण तेवढ्याने माझं पोट भरणार नव्हतं. मला तो माझ्या काउंटरवर हवा होता.

अशी दीडेक वर्षं गेली. त्या काळात डॉक्टर लोक एकत्र येऊन मोठ्या सर्जऱ्या बांधत होते. विल्मटलाही बांधायची होती. त्यासाठी त्याला सर्जरीला लागून असलेलं बंद किराणा दुकान हवं होतं. त्याची मालकीण म्हातारी विधवा. विल्मटने तिला वकिलाकरवी पत्र पाठवलं. मी तिच्याकडे स्वतः गेलो, चहा प्यालो, तिच्या नवऱ्याचे फोटो बघितले, तिच्या गुडघ्यांबद्दल अर्धा तास ऐकलं, मग किमतीची गोष्ट काढली. ती पक्की होती. मी तिच्याहून पक्का. ते दुकान, वरच्या घरासकट, माझं झालं.

पुन्हा पुण्याचे डॉक्टर आले. या वेळी मिठाई घेऊन.

"सीनिअर म्हणतात, योग्य ती किंमत देतील. आपण आपली माणसं, मी मध्ये पडतो."

"आपली?" मी म्हणालो. "पहिल्या भेटीत तुम्ही माझं आडनाव विचारलंत. सांगितल्यावर तुमच्या कपातला चहा तसाच राहिला. तुमच्या सीनिअरला पाठवा. स्वतः येऊ दे त्याला."

ते उठले. मिठाई तिथेच राहिली. बायकोने ती दुकानात येणाऱ्या पोरांना वाटून टाकली.

विल्मट आला तो शनिवारी सकाळी, गर्दीच्या वेळी. थेट काउंटरपाशी आला. मी वर न बघता म्हणालो, "रांगेत या, डॉक्टर. इथे पेशंट आधी."

तो रांगेत उभा राहिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी खोकल्याचं औषधसुद्धा फार सावकाश बांधलं.

त्याची पाळी आली. त्याने आकडा सांगितला. मी म्हणालो, आकडा नंतर. आधी माझं ऐका. नव्या सर्जरीत मला खोली पाहिजे, वेटिंग रूममध्येच तिचं दार पाहिजे. जी औषधं तुम्ही महिनोन् महिने पेशंटला न बघता पुन्हा लिहून देता, त्या सगळ्या चिठ्ठ्या सहीआधी माझ्या टेबलावरून जातील. मी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर. प्रत्येक बाटलीवर नाव.

"केमिस्ट डॉक्टरांवर देखरेख करणार?" त्याचा चेहरा लाल झाला. "असं या देशात कुठेच होत नाही."

"मग इथे होईल."

त्याने मागच्या रांगेकडे एकदा बघितलं. त्याला ते घर हवंच होतं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पाहू."

"पाहू नाही. लेखी. आणि अजून एक राहिलंय. मिसेस हॅलमला खरं सांगायचं. माझ्यासमोर."

"ते शक्य नाही. मी किंमत वाढवतो."

"मग घर नाही. तिथे मी तळलेल्या मासळीचं दुकान काढीन. तळणाचा वास थेट तुमच्या कन्सल्टिंग रूममध्ये येईल."

मागे उभी असलेली बाई मोठ्याने हसली. विल्मट निघून गेला. तीन आठवडे त्याने वाट बघितली, मी वाकतो का म्हणून. मी त्या बंद दुकानाची मापं घ्यायला एका मासळीवाल्याला आणलं, भर दुपारी, सर्जरीच्या खिडकीसमोर.

पुढच्या आठवड्यात विल्मट आला. मी मिसेस हॅलमला बोलावून खुर्चीवर बसवलं होतं.

"इस्पितळ आणि आमच्यात थोडा घोटाळा झाला होता," तो तिला म्हणाला.

मी म्हणालो, "कोणाकडून?"

तो खाली बघत राहिला. "माझ्याकडून. या माणसाने दिलं ते बरोबर होतं. मी लिहिलं ते चूक होतं."

म्हातारीने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे मी दोन वर्षं या बिचाऱ्याला खुनी म्हणत फिरले ती तुमच्यामुळे?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू, लव्ह, तू काही कमी नाहीस. मला इथे बाहुलीसारखं बसवलंस. बरं, झालं ना आता? द्या हात एकमेकांना."

त्याने हात पुढे केला.

मी काउंटरवरचे हात उचलले नाहीत. म्हातारीला ते आवडलं नाही. बायकोलाही नाही. ती अजून म्हणते, "तेवढा हात दिला असतात तर काय बिघडलं असतं?"

बिघडलं असतं. हात दिला की गोष्ट मिटते. तो घरी जाऊन सांगतो, माणूस चांगला आहे, गैरसमज होता. गैरसमज नव्हता. त्याला सगळं समजत होतं.

कागदावर सह्या झाल्या, घर त्याला मिळालं. आज मी नव्या सर्जरीतल्या त्या खोलीत बसतो. दारावर माझं नाव आहे. चिठ्ठ्या येतात, मी वाचतो. ज्या म्हाताऱ्या कोणी न बघता वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या खात होत्या, त्यांना बोलावून विचारतो. चिठ्ठी पटली नाही तर सही होऊ देत नाही. नवे डॉक्टर आपणहून येतात, शेजारी बसतात, विचारतात. पुण्याचे डॉक्टर आता पार्टनर झालेत. तेही येतात, उभ्या उभ्या विचारतात. मी खुर्चीकडे बोट दाखवतो. बसत नाहीत.

विल्मट येत नाही. चिठ्ठ्या रिसेप्शनिस्टच्या हाती पाठवतो. मी त्या तिच्या हाती परत देत नाही. म्हणतो, ज्याने लिहिलं त्याला पाठव. मग त्याला यावं लागतं, वेटिंग रूममधून, सगळ्यांच्या देखत. मी आवाज चढवत नाही. विचारतो, हे का लिहिलंत? आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवतो.

तो पुढल्या वर्षी निवृत्त होणार आहे म्हणतात. निरोपाच्या चहाला मला बोलावतील. मी जाणार नाही. त्या दिवशीही त्याच्या चिठ्ठ्या येतील आणि त्यातली शेवटची मी पहिलीइतकीच बारकाईने वाचीन. चूक सापडली तर त्याला चहावरून उठवून आणीन.