कोरा केलेला फोन

आमच्या धाकट्या भावाला घरात सगळे स्क्रू म्हणतात. पाचव्या वर्षी त्याने वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं, परत जोडलं आणि दोन स्क्रू उरले. घड्याळ मात्र चालू होतं. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, फोन दुरुस्त करतो आणि त्याच्या दुकानाच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन आहे. तो फोन उघडतो, मी लोकांच्या पॅंट्स आखूड करते. बोलायचं खातं माझ्याकडे. तो दिवसभरात जेवढे शब्द बोलतो, तेवढे मी एका गिऱ्हाइकाला कंबरेचं माप घेता घेता ऐकवते.

त्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये डोकवायचं नाही. स्क्रीन बदलला की आवाज, कॅमेरा, चार्जिंग बघायचं आणि फोन उलटा करून ठेवायचा. मी म्हणायचे, अरे बघ तरी, त्या बाईचा नवरा खरंच कुठे जातो ते कळेल. तो म्हणायचा, ताई, मी डॉक्टर आहे, शेजारीण नाही. आणि गेलेल्या माणसाचा फोन घरच्यांनी वापरायला आणला, तर त्यांना विचारून आधी तो आतलं सगळं पुसून कोरा करायचा, मगच हात लावायचा. एकदा तसं केलं नव्हतं. नवरा गेलेल्या एका बाईने काउंटरवर उभ्या उभ्या त्याचे मेसेज वाचले. तिचा तो चेहरा आमच्या स्क्रूच्या डोक्यातून कधी गेला नाही.

त्याची लेक चौदा वर्षांची होती. माझ्यावर गेलेली, तोंडाचा पट्टा कायम चालू. शाळा सुटली की दुकानात, माझ्या मशीनशेजारी, वर्गातल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवायची. शेवटचे दोन महिने ती गप्प झाली. मान खाली, फोन हातात. तिची आई म्हणाली, पोरीचं काहीतरी बिनसलंय. तर मी मोठी शहाणी, म्हणाले, अगं वयात येतेय, होईल ठीक. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

एका सोमवारी दुपारी पोरीने स्वतःचा जीव संपवला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला वर्ष लागलं.

पोलिसांनी चार दिवसांनी तिचा फोन परत दिला, म्हणाले, संशयास्पद काही नाही. धाकट्याने तो दुकानात आणला, शटर अर्धं ओढलं आणि कोरा करून टाकला. हाताला वीस वर्षांची सवय. पोरीचं पोरीपाशी राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तेव्हा त्याने हे मलाही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी पोरीची मैत्रीण आईचा हात धरून घरी आली. तिने सांगितलं ते असं. एका ॲपवर कुणीतरी पोरीशी ओळख काढली, आपण दुसऱ्या शाळेतला मुलगा आहोत म्हणून. गोड बोलून तिचा एक फोटो मिळवला आणि मग रोज धमक्या. मुलगा कसला, कुठला कोण मेला होता देव जाणे. या मैत्रिणीने ॲपवर तक्रारसुद्धा केली होती. उत्तर आलं होतं की आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही.

भावजय तडक उठली आणि म्हणाली, फोन आणा. धाकटा म्हणाला, पाणी गेलं होतं, बोर्ड जळला. तिने विश्वास ठेवला. जो माणूस बोलतच नाही, त्याचं खोटं कुणाला पकडता येणार?

भावजय लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. शीर सापडली नाही म्हणून तिने कुणाला परत पाठवलेलं नाही. तिने त्या ॲपच्या कंपनीला पत्रावर पत्र लिहिलं. शेवटी उत्तर आलं: माहिती फक्त खातेदाराला देता येते, खातेदाराने स्वतः अर्ज करावा. तिने ते मला वाचायला दिलं. मी म्हणाले, मग काय, पोरीला यांचा पत्ता पाठवू का? त्या दिवशी मी शिवलेल्या तीनही पॅंट्स उसवाव्या लागल्या.

मग भावजयीने आपल्यासारखी माणसं शोधली. अकरा घरं निघाली. त्यातल्या एक मास्तरीण बाई, मुलगा गमावलेल्या, त्यांनी पुढाकार घेतला. रविवारी सगळे आमच्या दुकानात जमायचे. मागणं दोनच. मुलांची तक्रार आली तर ती दिवसभरात जिवंत माणसाने बघायची. आणि मूल गेलं तर कंपनीने त्याचं सगळं जपून ठेवायचं आणि आईबापांच्या हातात द्यायचं. तसा कायदा करा. दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे कायद्याचा मसुदा करणाऱ्या सरकारी समितीने म्हणणं ऐकायला बोलावलं. मैत्रीण साक्षीला होती, म्हणून फायलीत आमच्या पोरीचं प्रकरण पहिलं. त्यात लिहिलं होतं, फोन पाण्याने निकामी.

आदल्या संध्याकाळी धाकट्याने दुकानात मला खरं काय ते सांगितलं. मी हातातली कात्री खाली ठेवली. आधी मेल्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग बजावलं, आता गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा घरांचं केलं सवरलं पाण्यात जाईल आणि बायको तोंड बघणार नाही ते वेगळंच. तो एकच स्क्रीन फडक्याने पुसत राहिला. मला वाटलं, पटलं याला.

समितीचं टेबल लांबलचक होतं. कंपनीचे वकील छान बोलले. कोटाची बाही अर्धा इंच लांब होती, पण जीभ बरोबर मापाची. म्हणाले, आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण फोन कुटुंबाकडेच होता, कुटुंबाच्याच हातून खराब झाला. त्याचा भार कंपनीने का उचलायचा? समितीच्या अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. भावजय उत्तर द्यायला उठणार, एवढ्यात धाकटा उभा राहिला. मी मागून त्याचा शर्ट ओढला. त्याने माझा हात सोडवला.

"पाणी गेलं नव्हतं," तो म्हणाला. "फोन मी माझ्या हाताने कोरा केला. बायकोला खोटं सांगितलं, तुमच्या कागदावरही खोटं लिहिलं. माझा धंदाच फोनचा, तरी मला कळलं नाही. ज्याचं मूल गेलंय, त्याच्या हातून त्या आठवड्यात काहीही होतं. माझ्याकडे आता काही नाही. यांच्याकडे आहे. म्हणून कायदा पाहिजे."

अध्यक्षबाईंनी पेन ठेवलं आणि वकिलांना विचारलं, आहे का तुमच्याकडे? ते कागद चाळू लागले. बाईंनी परत विचारलं. ते खाली बघून म्हणाले, असावं. समितीने पुढे मुलांचं सगळं जपून ठेवायचं कलम मसुद्यात घेतलं. कायदा व्हायला अजून अवकाश आहे. पण त्या क्षणी मी वकिलांकडे बघतच नव्हते. मी भावजयीकडे बघत होते. ती उठली आणि बाहेर गेली.

बाहेर लांब व्हरांडा होता. धाकटा तिच्यामागे गेला, मी दारातच थांबले. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने हळूच विचारलं, "पुसायच्या आधी काय वाचलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मी बघितलंच नाही. मी कुणाचंच बघत नाही."

तिने मूठ वळून त्याच्या छातीवर मारली. एकदाच.

"एक ओळ वाचायची होतीत हो," ती म्हणाली. "तिची एक ओळ तरी."

माझा भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि त्या सोमवारनंतर पहिल्यांदा रडला, मोठ्याने, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. भावजय उभीच होती. बऱ्याच वेळाने तीही खाली बसली, त्याच्यापासून थोडी लांब, मधे एक पोर मावेल एवढी जागा सोडून.