सिद्रच्या बोरांचं सरबत

ह्यांच्या तोंडाची चव औषधांनी नेली. उपचार संपले, मस्कतच्या फेऱ्या संपल्या, तरी डॉक्टरांचं एकच, "येईल हळूहळू." तोवर मी वरणभात, सोलकढी, थालीपीठ, सगळं करून पाहिलं. एक घास खाऊन हे म्हणायचे, "माती लागतेय गं." की मी पुन्हा गॅसपुढे. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि वर हे! पायांचे तुकडे पडायचे.

मग तीन आठवड्यांपूर्वी आमटी भुरकून म्हणाले, "छान झालीय." मला रडूच फुटलं. त्यानंतर रोज सगळंच छान.

त्या आनंदात मी रानबोरांचं सरबत करायला घेतलं, सासूबाई करायच्या तसं. इथे ओमानमध्ये, इब्र्यात, आमच्या घरामागे कोरडा ओढा आहे, त्याच्या काठाला सिद्रची रानटी झाडं. बोरं अगदी आपल्याकडच्यासारखी, काटेही तसेच मेले. शुक्रवारी सकाळी बादलीभर वेचली, हात ओरबाडून घेतले. धुतली, शिजवली, कुस्करली, फडक्यातून गाळली आणि रसात साखर घालून ढवळत राहिले. एक बरणी संपली म्हणून दुसरी ओतली. दोन तासांनी कंबर म्हणाली, खलास! चाखलं मात्र नाही. देवापुढे ठेवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

गार झाल्यावर वाटीभर देवापुढे ठेवलं, मग पाणी घालून पेला ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो एका दमात संपवला.

"वा! अगदी आईच्या हातचं."

मी माझा पेला तोंडाला लावला. शी! नुसतं मिठागर! दुसरी बरणी मिठाची होती. मी सिंककडे धावले, चूळ भरली. वळले तर हे माझ्याकडेच बघत होते.

"अहो, चव आलीच नाही ना?"

"नाही."

"मग तीन आठवडे छान छान कशाला?" माझा आवाज चढला. "मला वेडी समजता?"

"माती म्हटलं की तू परत गॅस पेटवायचीस," ते म्हणाले. "तुझे सुजलेले पाय दिसायचे गं मला."

सगळं सरबत सिंकमध्ये ओतलं. दुपारचा कुकर लावलाच नाही. कालचे खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, आणि दही घेऊन ह्यांच्या शेजारी बसले आणि पोटभर रडले. ह्यांनी एक तुकडा दह्यात बुडवून खाल्ला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"माती."

मी उठले नाही.